आईच्या मायक्रोवेव्हवरच्या दोन टिकल्या

आईच्या मायक्रोवेव्हवर दोन टिकल्या आहेत. खाली उजव्या कोपऱ्यात लाल, तिच्या डाव्या अंगाला हिरवी. लाल म्हणजे सुरू, हिरवी म्हणजे बंद. उरलेली तीस बटणं तिच्या लेखी नाहीतच.

मिरजेच्या घरी हे यंत्र गेल्या दसऱ्याला आलं, त्याला आता दहा महिने होतील. तेवढ्या वापरावर हे परीक्षण. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शेजारच्या काकूंकडे दुसऱ्या कंपनीचा आहे, आणि पुढचं पॅनेल झाकलं तर दोन्ही जुळे भाऊ वाटावेत, मग एकालाच का झोडपा? दुसरं कारण जरा अवघड आहे. मी स्वतः चौदा वर्षं घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत होते, खर्चाच्या विभागात. कुठल्या सुट्या भागातून किती रुपये वाचतील हे शोधणं हे माझं काम. तेव्हा पुढे ज्या पापांची यादी येईल त्यातली काही माझ्या हातची आहेत.

आधी चांगलं सांगते. २८ लिटरचा, कन्व्हेक्शनवाला (म्हणजे केकही भाजता येणारा), आतून स्टीलचा. तापवायचं काम चोख करतो. चहाचा कप दीड मिनिटात, आमटीची वाटी मिनिटभरात. बाबांचं तळण बंद झाल्यापासून उडदाचा पापड ह्यातच भाजला जातो, आणि कडेपर्यंत फुलतो. शिळी पोळी ओल्या फडक्यात गुंडाळून वीस सेकंद ठेवली की मऊ होते. दार लावल्यावर ‘खट्’ असा भरवशाचा आवाज येतो. आतली काचेची थाळी निघते, घासता येते. म्हणजे पोटातून यंत्र गुणी आहे. घोळ सगळा तोंडाचा आहे.

पॅनेल काळं, चकचकीत, सपाट. त्यावर राखाडी अक्षरं, मुंगीएवढी. खरं बटण एकही नाही. चौकोन छापलेत, त्यावर बोट दाबायचं. कुठला चौकोन कुठे सुरू होतो हे बोटाला कळत नाही, डोळ्यांनाच बघावं लागतं. आणि आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. चष्मा देवघरात पोथीपाशी, मायक्रोवेव्ह स्वयंपाकघरात. त्यातून ‘स्टार्ट’चा चौकोन जेवढा, तेवढाच आतला वास घालवायच्या बटणाचा. दिवसातून वीसदा लागणारं आणि वर्षातून एकदा लागणारं, दोन्ही एका मापाची. गणपतीएवढाच उंदीर काढल्यासारखं.

दूध मंद आचेवर तापवायचं असेल तर आधी ‘मायक्रो’ दाबायचं, मग तेच पुन्हा पुन्हा दाबत आच खाली आणायची, मग वेळ, मग स्टार्ट. आधी वेळ लावली आणि मग आच शोधायला गेलात तर यंत्र ‘टीं’ करतं. काय चुकलं ते सांगत नाही, नुसतं टीं. शाळेत असे एक मास्तर होते आम्हाला.

एकदा मी फोनवर सांगत सांगत तिच्याकडून ७० टक्क्यांची आच लावून घेतली. दोन मिनिटांनी तिचाच फोन. “अगं, हा मधेच दम खातोय. बिघडला का गं?” बिघडला नव्हता. ह्या जातीच्या यंत्रात आच कमी होतच नाही. लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन एक तर पूर्ण चालतो किंवा पूर्ण थांबतो. ७० टक्के म्हणजे थोडा वेळ चालू, थोडा वेळ गप्प, असं आलटून पालटून. खरोखर कमी-जास्त होणारी आच इन्व्हर्टरवाल्या मॉडेलात मिळते आणि ते महाग असतात. असू देत. पण हा आत्ता मुद्दाम थांबलाय, एवढं सांगणारा एखादा ठिपका पडद्यावर दिसला असता तर आईने त्या दिवसापासून मंद आच सोडली नसती. आता सगळं पूर्ण जाळावर. दूध दोनदा ओतू गेलं.

घड्याळाचं तर विचारूच नका. बाबा रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतात, “उगाच वीज खातो तो.” त्यांनी विसरावं तर महावितरण आठवण ठेवतं. रोज सकाळी पडद्यावर ०:०० लुकलुकत असतं. घड्याळ लावायची रीत पुस्तिकेत नवव्या पानावर आहे. पुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत. दहा महिन्यांत ह्या घड्याळाने खरी वेळ मी तिथे असतानाच दाखवली आहे.

आणि तो आवाज. काम झालं की पाच वेळा टीं. दार उघडलं नाही तर दर मिनिटाला पुन्हा. आई पहाटे साडेपाचला पाणी गरम करते आणि शेवटचे तीन सेकंद यंत्रासमोर दाराच्या कडीला हात लावून उभी राहते, वाजायच्या आत उघडायला. बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकासारखी. आवाज बंद करायची सोय मी पुस्तिकेत दोनदा शोधली. नाही.

आता त्या २५१ मेन्यूंबद्दल. हो, २५१. सांगलीच्या दुकानात विक्रेत्या मुलाने दोन यंत्रं शेजारी शेजारी दाखवली. “ताई, ह्यात १७५ मेन्यू हाय, त्यात २५१. फरक फक्त नऊशेचा.” खाली, पायाशी, धूळ खात एक छोटा वीस लिटरचा होता: दोन गोल नॉब, वरचा आचेचा, खालचा वेळेचा. बस्स. मी विचारलं तर म्हणाला, “तो कुणी घरात नेत न्हाई ताई, पोरं खोलीवर न्यायला घेत्यात.” आणि मी, जिला हे मेन्यू कसे मोजतात ते पक्कं माहीत आहे, मी म्हटलं, “२५१ वाला द्या.” नऊशे रुपयांत ७६ मेन्यू! भावाची मुलं सुट्टीला येतील, केक करतील, असंही डोक्यात होतं. ती आली. एकदा केला केक.

मेन्यू कसे मोजतात ते सांगूनच टाकते. पोह्यांचा एक पदार्थ. तो १०० ग्रॅमचा, २०० ग्रॅमचा आणि ३०० ग्रॅमचा असा तीनदा लिहायचा. झाले तीन मेन्यू. त्याला ‘इंदुरी’ म्हणून आणखी एकदा लिहिलं की सहा. आम्ही असंच मोजायचो. मशीनच्या आत प्रत्येकामागे एक ओळ असते, इतका वेळ, इतकी आच. काही महागड्या यंत्रांत वाफ ओळखणारा सेन्सर असतो, ह्याच्यात नाही. पोहे किती भिजलेत, कांदा किती चिरलाय, भांडं काचेचं की प्लास्टिकचं, ह्याला काही ठाऊक नाही. आईने माझ्या आग्रहाखातर एकदा त्यात पोहे केले. एक घास खाल्ला, उरलेले कढईत ओतून परत परतले, आणि एवढंच म्हणाली, “फोडणीचा आवाज आला नाही तर पोहे झाले हे कळायचं कसं?”

मग हे असं का बनतं? लोक म्हणतात, कंपन्यांना अक्कल नाही. मी आतून पाहिलंय. अक्कल भरपूर असते, तीच नडते.

आमच्याकडे पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीत शिकून आलेला एक मुलगा होता. आयडीसी म्हणजे औद्योगिक डिझाइन शिकवणारं केंद्र, १९६९ पासूनचं. त्याने एकदा फोमचं एक पॅनेल करून आणलं. दोन मोठे नॉब, कडेला खाचा, ओल्या हातानेही पकडता येतील असे. मध्ये एकच बटण, ठसठशीत, जरा वर आलेलं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी हात फिरवून पाहिला, छान म्हणाले. आणि मग त्याचे लचके तोडायला सुरुवात झाली.

विक्रीवाले म्हणाले, दोन नॉब म्हणजे स्वस्तातला माल वाटतो; दुकानात गिऱ्हाईक पॅनेल बघतं, शेजारच्याचं भरलेलं आणि आपलं रिकामं दिसलं तर आपला खपत नाही. सर्व्हिसवाले म्हणाले, नॉबच्या दांड्या मुलं मोडतात, आणि फटीतून वाफ आणि फोडणीचं तेल आत जातं. सपाट पॅनेल फडक्याने पुसलं की झालं. साच्यांच्या विभागाने सांगितलं की वेगळ्या आकाराचं तोंड म्हणजे नवीन साचा, आणि साचा लाखांत जातो. सपाट पत्र्यावर नुसती छपाई बदलली की पुढच्या वर्षीचं ‘नवीन मॉडेल’ तयार. आणि मग सगळे माझ्याकडे वळले. मी हिशेब मांडला: नॉब, त्याची दांडी, खालचा स्विच, चकाकती कडा, ते बसवणाऱ्या हाताचा वेळ. त्याच्यासमोर एक छापील पातळ पापुद्रा. एका यंत्रामागे थोडेच रुपये, पण गुणिले वर्षाचे नग. माझ्या आकड्यानंतर कुणी काही बोललं नाही.

गोची अशी की ह्यातला एकही माणूस खोटं बोलत नव्हता. नॉबच्या कडेला खरंच चिकट मेण साठतं, आईच्या जुन्या गॅसच्या शेगडीवर जाऊन बघा. साचा खरंच महाग असतो. रिकामं पॅनेल खरंच खपत नाही. पुरावा म्हणून मी स्वतः आहे, सांगलीच्या दुकानात उभी. फक्त त्या टेबलाभोवती पहाटे साडेपाचला पाणी तापवणारं कुणी बसलं नव्हतं. तिची बाजू एकटा तो मुलगा मांडत होता, आणि त्याच्याकडे आकडा नव्हता. ओतू गेलेल्या दुधाचा रकाना माझ्या तक्त्यात कधी नव्हताच. दीड वर्षाने तो सोडून गेला. आता दवाखान्यातली यंत्रं डिझाइन करतो म्हणे. बरं झालं.

त्या ‘टीं’चीही एक गोष्ट आहे. कामानिमित्त मी एकदा चीनमध्ये शुंदेला गेले होते, ग्वांगडोंग प्रांतात. जगातले कितीतरी मायक्रोवेव्ह ह्या एका टापूतून निघतात. तिथली गॅलान्झ नावाची कंपनी १९७८ साली पिसांचा धंदा करायला निघाली होती, १९९२च्या सुमारास मायक्रोवेव्हकडे वळली; तिथेच मोठी झालेली मिडिया नावाची दुसरी कंपनी १९६८ साली बाटल्यांची झाकणं बनवत होती. हे ऐकून मला फार मजा वाटली. आम्ही गेलो ते कारखाने तितके मोठे नव्हते, पण रीत तीच: एक तयार सर्किट बोर्ड, त्यात आधीच लिहिलेला प्रोग्रॅम, आणि तोच बोर्ड निरनिराळ्या देशांतल्या निरनिराळ्या नावांच्या यंत्रांत. मी विचारलं, आवाज बंद करायची सोय घालता येईल का? समोरच्या बाई हसून म्हणाल्या, येईल की. पण चिपमध्ये प्रोग्रॅम एकदाच भरला जातो, तेव्हा नवीन चिपची किमान ऑर्डर द्यावी लागेल, पुन्हा चाचण्या कराव्या लागतील, आणि त्यात इतके आठवडे जातील. दिवाळी तोंडावर होती. परत आल्यावर विक्रीच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “आवाज असू द्या. दुकानात वाजला की लोक वळून बघतात.” म्हणून माझी आई पहाटे कडीला हात लावून उभी राहते.

घरगुती मायक्रोवेव्ह सुरुवातीला असा नव्हता. १९६७ साली अमेरिकेत अमाना कंपनीने ओट्यावर मावणारा रडारेंज काढला, ४९५ डॉलरला. त्याच्या तोंडावर वेळेच्या गोल चकत्या आणि मोजकी बटणं. तेव्हा त्यांना अधिक काही घालता येत नव्हतं. पुढे चिप स्वस्त झाली आणि एक बटण वाढवणं जवळजवळ फुकट झालं. फुकट मिळालं की माणूस ताटात वाढून घेतोच, कंपनीही घेते.

आईच्या ओट्यावर मायक्रोवेव्हशेजारी तिचा सुमीत मिक्सर आहे. त्याच्यावर टिकली नाही, लागलीच नाही कधी. एक खटका, तीन वेग, हाताला आपोआप कळतं. त्याचा जन्म कसा झाला ते सांगतात ते असं: मुंबईतल्या माधुरी माथुर यांच्याकडचा ब्राऊन ह्या जर्मन कंपनीचा मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही, आणि त्यांचे इंजिनियर पती सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३च्या सुमारास आपल्याकडची डाळ-खोबरं सोसेल असा मिक्सर बनवायला घेतला. मला ह्यात गंमत वाटते ती ब्राऊनची. डिझाइन शिकणारी मुलं ज्या कंपनीचं नाव घेतात ती हीच. डीटर राम्स हा नावाजलेला डिझाइनर तिथे १९५५ पासून चाळीस वर्षं होता. त्याचे रेडिओ, कॅल्क्युलेटर बघितले तर एकही खूण फुकट छापलेली दिसत नाही. पण त्याच्या पाठीशी आर्तुर आणि एर्विन ब्राऊन हे मालक भाऊ उभे होते, ज्यांना हे हवं होतं. आणि तरीही ब्राऊनच्या घरात कुणी भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटली नसणार. ती वाटली गेली माथुरांच्या घरी. बनवणारा आणि वाटणारी एकाच घरात जेवत होते, मधे माझ्यासारखं कुणी तक्ता घेऊन बसलेलं नव्हतं. (सुमीतही आवाज करतो म्हणा. गल्लीला कळतं आज चटणी आहे.)

असो. घ्यावा का हा मायक्रोवेव्ह? घरात केक-बिस्किटं करणारं कुणी असेल, डोळे धड असतील आणि पहाटे कुणी उठत नसेल, तर घ्या; चौदा हजारांत तापतो छान. नुसतं दूध-आमटी तापवायला हवा असेल तर दुकानदाराच्या पायाशी धूळ खात पडलेला तो दोन नॉबवाला उचला, निम्म्या पैशात येईल आणि नातवंडं आली की बिस्किटं विकत आणा. आणि कुठलाही घेण्याआधी दुकानात तीन गोष्टी करा. चष्मा काढून ‘स्टार्ट’ शोधा. कपभर पाणी मागून ते खरंच तापवून बघा. शोभेला ठेवलेलं यंत्र बऱ्याचदा जोडलेलंच नसतं, जोडायला लावा. आणि आवाज बंद कसा करायचा ते विक्रेत्याला विचारा. तो पुस्तिका शोधायला लागला की समजा.

आईने स्वतःपुरता तोडगा काढलाय. ‘स्टार्ट’ एकदा दाबलं की तीस सेकंद लागतात, दुसऱ्यांदा दाबलं की साठ. त्यामुळे तिच्याकडे वेळ आता सेकंदांत नाही, टिचक्यांत आहे. चहा तीन टिचक्या, आमटी दोन, पापड एक. मेथीची पेज चार. ती शेजारच्या काकूंनाही टिचक्यांतच सांगते. २५१ मेन्यूंच्या पुस्तिकेपेक्षा हे मेन्यूकार्ड बरं आहे.

अर्थात एकाच चौकोनावर रोज वीस टिचक्या पडल्यावर व्हायचं ते झालं. गेल्या महिन्यात ‘स्टार्ट’ दबेना. वॉरंटी होती. मी नेमकी मिरजेतच होते. सर्व्हिसचा मुलगा आला, पंचविशीतला. पॅनेल उघडून म्हणाला, मागचा पापुद्रा तिथेच झिजलाय, ह्याच जागी झिजतो सगळ्यांचा. एक चौकोन बदलता येत नाही, म्हणून आख्खं पॅनेल बदललं. तासाभराचं काम, पैसे घेतले नाहीत, वागायला चांगला. जुनं पॅनेल पिशवीत घातलं आणि टिकल्या त्याच्याबरोबर गेल्या.

आई आतून टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. चष्मा नव्हता, म्हणून त्यालाच म्हणाली, “तू लाव बाळ, तुला बरोबर दिसतंय.”

त्याने हिरवी काढली आणि ‘स्टार्ट’वर धरली. “आजी, हिरवी सुरूला लावतो आणि लाल बंदला. सगळीकडं तसंच असतंय.”

“नको. लाल सुरूला.”

“लाल म्हंजे थांबा की हो आजी. सिग्नलला बघा.”

“चुलीत लाल दिसलं की काय समजायचं? थांबा?” आई म्हणाली. “जाळ पेटला, असंच ना?”

मुलगा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग हिरवी परत पाकिटाला चिकटवली, लाल काढली, नखाने नीट मधोमध बसवली, आणि विचारलं, “अशीच ठिवू, का जरा वर घेऊ?”